कल्पित जर्मानिक भाषेसाठी ‘आपण’ कसे घडवावे

स्वतःची भाषा रचण्याचा छंद असलेली माणसे सर्वनामांचा तक्ता बहुधा पहिल्याच दिवशी भरून टाकतात, आणि त्यांची भाषा उसनी वाटू लागते तीही बहुधा त्याच तक्त्यात. नाम नवे घडवता येते, क्रियापद शेजारच्या भाषेतून उचलता येते. सर्वनाम मात्र रोज हजारदा तोंडात घोळत असल्यामुळे झिजते, आखडते, शेजारच्या शब्दाला चिकटते आणि तरीही सहसा बदलले जात नाही. म्हणून कल्पित जर्मानिक भाषेचे सर्वनाम ठरवताना ‘कोणता आवाज गोड लागेल’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोणत्या जुन्या शब्दाला कोणते नवे काम मिळाले असेल’ हा प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे. पुढील विवेचन एकाच सर्वनामापुरते आहे: ऐकणाऱ्याला धरून बोलण्याचे ‘आपण’.

हेच सर्वनाम निवडण्याचे कारण मराठी माणसाला सांगावे लागू नये. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू’ यांतला फरक आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या भाषांत मात्र दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मराठी भाषक जर्मानिक कुळातली भाषा रचायला बसला की ही उणीव त्याला लगेच जाणवते आणि तो घाईघाईने एक नवा शब्द तयार करतो. मीही माझ्या पहिल्या प्रयत्नात ‘आम्ही’ आणि ‘तू’ यांचे जर्मानिक शब्द जोडून ‘वीदू’ असा जोडशब्द केला होता. तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण पापुआ न्यू गिनीतल्या टोक पिसिन या भाषेत इंग्रजी शब्दांच्याच मालातून ‘युमी’, म्हणजे ‘तू आणि मी’, हे ‘आपण’ तयार झाले असून त्याच्यासमोर ‘आम्ही’साठी ‘मिपेला’ उभे आहे. पण त्या भाषेच्या भोवती हा भेद काटेकोर पाळणाऱ्या भाषा होत्या आणि तिचे आरंभीचे बोलणारे त्याच भाषा बोलत मोठे झाले होते. उत्तर समुद्राच्या काठावर असा शेजार नाही. तिथे हा भेद उगवायचा असेल तर तो घरच्या मातीतूनच उगवला पाहिजे.

म्हणून पहिले काम जागा आणि काळ ठरवण्याचे. ‘जर्मानिक’ हे भाषाकुळाचे नाव आहे. त्यात आता लुप्त झालेल्या गॉथिकची पूर्व शाखा, स्कँडिनेव्हियन भाषांची उत्तर शाखा आणि इंग्रजी, फ्रिशियन, डच, जर्मन यांची पश्चिम शाखा असे तीन फाटे मानले जातात. शाखा न ठरवता चारही आधुनिक भाषांची सरासरी काढणे हा सर्वांना समजेल अशी सामाईक भाषा बनवणाऱ्यांचा मार्ग आहे, आणि त्या उद्देशासाठी तो योग्यही आहे. पण ज्या भाषेला स्वतःचा भूतकाळ हवा आहे तिने एकाच फाट्यावर उभे राहिले पाहिजे. या मार्गदर्शनासाठी मी आपली भाषा जर्मनी-डेन्मार्क सीमेवरच्या श्लेसविग प्रदेशाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या बेटांवर ठेवतो आणि तिला इंग्रजी व फ्रिशियनच्या जवळची, म्हणजे उत्तर समुद्राकाठच्या गटातली मानतो. तिला नाव, झेंडा आणि लिपी नंतर द्यावी; या गोष्टी आधी केल्या की सर्वनामे कधीच पूर्ण होत नाहीत, असा अनुभव आहे.

ही जागा निवडण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण जवळच्याच गालेहुस या दक्षिण जटलंडमधल्या गावी आहे. तिथे 1734 साली सोन्याचे एक शिंग सापडले, ज्याच्यावर इसवी सन 400च्या सुमारास रूनी, म्हणजे जुन्या जर्मानिक लोकांच्या, लिपीत कोरलेले एक वाक्य होते, आणि त्या वाक्याचा पहिलाच शब्द ‘एक’, म्हणजे ‘मी’, असा आहे: अमुक माणसाने, म्हणजे ‘मी’, हे शिंग घडवले. ते शिंग 1802 साली कोपनहेगनमधून चोरीला गेले आणि चोराने ते वितळवून टाकले. नशिबाने कोरलेल्या अक्षरांची रेखाटने मागे राहिली. आपल्याला ज्या काळातून निघायचे आहे त्या काळातले, त्याच परिसरातले प्रथमपुरुषी सर्वनाम त्यामुळे लेखी पुराव्यासह हाती येते. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. त्या किनाऱ्यावरच्या उत्तर फ्रिशियन बोलींनी ‘आम्ही दोघे’ हे द्विवचन अगदी अलीकडच्या काळापर्यंत सांभाळले होते. इंग्रजीतून ते तेराव्या शतकापर्यंत जवळजवळ नाहीसे झाले होते.

आता जुना माल गोळा करावा. लेखी पुरावा नसलेल्या आद्य जर्मानिक भाषेची रूपे भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेने पुन्हा उभी केली आहेत, आणि त्यातली आपल्या कामाची मोजकीच आहेत. ‘आम्ही’ कर्ता असताना जोर दिला तर ‘वीझ’ आणि जोर नसेल तर ‘विझ’, ‘आम्हाला’साठी ‘उन्स’, ‘आम्ही दोघे’ कर्ता असताना ‘वित’, ‘आम्हा दोघांना’साठी ‘उंक’, आणि ‘आमचा’ व ‘आम्हा दोघांचा’ यांसाठी ‘उन्सेर-’ व ‘उंकेर-’ ही मुळे. संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे ओळखीचे चेहरे दिसतील. ‘वयम्’ आणि ‘वीझ’ ही भावंडे आहेत. संस्कृतातला आखूड ‘नः’ आणि ‘उन्स’ यांचे मूळ एकच आहे. आणि कर्ता एका मुळाचा तर कर्म दुसऱ्याच मुळाचे, ही ‘अहम्’ व ‘माम्’ यांच्यातली विचित्र तफावत ‘एक’ व ‘मिक’ यांच्यातही तशीच आहे. ‘वित’मधला शेवटचा ‘त’ हा ‘दोन’ या शब्दाचा अवशेष असावा असे मानले जाते, आणि लिथुएनियन भाषेतला ‘आम्ही दोघे’ या अर्थाचा ‘वेदु’ त्याला दुजोरा देतो. ‘द’चा ‘त’ होणे हे याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1822 साली मांडलेल्या नियमाप्रमाणेच आहे. या नियमाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. तो आद्य जर्मानिक रूपांना आधीच लागू झालेला असतो. नवखे लोक तो उत्साहाने दुसऱ्यांदा लावतात आणि ‘वित’चे ‘विथ’ करून बसतात.

यानंतर आपल्या शाखेचे ध्वनिनियम लावायचे. सर्वनामांच्या बाबतीत उत्तर समुद्राकाठचा सर्वांत उपयोगी नियम असा की घर्षक व्यंजनाच्या, म्हणजे ‘स’सारख्या घासत निघणाऱ्या आवाजाच्या, अगोदरचा अनुनासिक लोपतो आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो. जर्मनमध्ये ‘गान्स’ तर इंग्रजीत ‘गूस’, जर्मनमध्ये ‘फ्युन्फ’ तर इंग्रजीत ‘फाइव्ह’, जर्मनमध्ये ‘मुंड’ तर इंग्रजीत ‘माउथ’, हे त्याचेच परिणाम आहेत. त्यामुळे ‘उन्स’चा आपल्या भाषेत ‘ऊस’ होईल. (मराठी वाचकाला शेत दिसेल, त्याला इलाज नाही.) ‘उंक’मध्ये मात्र अनुनासिकाच्या पुढे ‘क’ हे स्पर्श व्यंजन आहे, घर्षक नव्हे, म्हणून तिथे नियम थांबतो आणि ‘उंक’ जसाच्या तसा राहतो. एकाच नियमाने एका जोडीतला एक शब्द बदलावा आणि दुसरा अबाधित राहावा, ही गोष्ट भाषा रचणाऱ्याने हव्याशा वाटणाऱ्या गोष्टींत गणावी. नियमाआधी या दोन शब्दांत जेवढे साम्य होते तेवढे आता राहिले नाही, आणि ज्या भाषेला खरा भूतकाळ असतो तिचा तक्ता असाच दिसतो. ‘वीझ’च्या शेवटचा ‘झ’ इंग्रजी, डच आणि फ्रिशियनप्रमाणे गळून ‘वी’ उरेल. जर्मनने तो ‘र’च्या रूपात राखला आणि ‘वीर’ केले, पण ती आपली वाट नाही. द्वितीया आणि चतुर्थी या गटात लवकर एकरूप झाल्या, तेव्हा कर्मासाठी एकच रूप पुरे.

एवढे झाल्यावर हाती चार शब्द उरतात: ‘वी’ आणि ‘ऊस’, ‘वित’ आणि ‘उंक’. अजून हा भेद ‘अनेक’ आणि ‘दोन’ यांच्यातला आहे. तो ‘ऐकणाऱ्याला वगळून’ आणि ‘ऐकणाऱ्याला धरून’ असा कसा पालटेल, हा सगळ्या कामाचा गाभा असून त्याला वेळ द्यावा.

सोपे उत्तर असे देता येईल की दोघे म्हणजे बहुतेक वेळा बोलणारा आणि ऐकणारा, म्हणून ‘वित’ आपोआपच ‘आपण’ झाला. हे उत्तर अपुरे आहे. जुन्या इंग्रजी काव्यात ‘वित’च्या पुढे तिसऱ्याच माणसाचे नाव ठेवून ‘मी आणि तो अमुक’ असा अर्थ साधलेला आढळतो, म्हणजे त्या ‘वित’मध्ये ऐकणाऱ्याला जागा नाही. शिवाय आइसलँडिक भाषेत हेच घराणे वेगळ्याच दिशेला गेले. तिथे जुने द्विवचन ‘विद’ हे कितीही माणसांसाठीचे साधे ‘आम्ही’ झाले आणि जुने अनेकवचन ‘व्येर’ समारंभी, भारदस्त भाषणापुरते उरले. भेद निर्माण झाला तो दर्जाचा, ऐकणाऱ्याचा नव्हे. बव्हेरियाच्या बोलींत ‘तुम्हा दोघांना’साठीचे जुने रूप ‘एंक’ आज सरसकट ‘तुम्हाला’ या अर्थी चालते. थोडक्यात, द्विवचन मोकळे झाले की ते कुठेही जाऊ शकते, आणि ते आपल्याला हव्या त्या दाराने आत यावे यासाठी वाक्यरचनेत एक चाळणी शोधावी लागते.

अशी चाळणी जर्मानिक भाषांत तयार आहे. ‘चला, जाऊ या’ असे म्हणताना या भाषा क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर ठेवतात. जर्मनमध्ये आजही ‘गेएन वीर’ म्हणतात. अशा वाक्यातले सर्वनाम ऐकणाऱ्याला वगळूच शकत नाही, कारण निमंत्रण त्यालाच आहे. इंग्रजीसारख्या हा भेद न मानणाऱ्या भाषेतही याच ठिकाणी त्याची सावली पडलेली दिसते: ‘लेट्स गो’ हे आखूड रूप फक्त ‘आपण जाऊ’ या अर्थी चालते, पण ओलीस ठेवलेली माणसे ‘आम्हाला जाऊ द्या’ म्हणतील तेव्हा ‘लेट अस गो’ असेच पूर्ण म्हणतील. भेद उगवायचा असेल तर तो इथेच उगवणार.

आता या चाळणीतून ध्वनीचा एक अपघात घडवून आणायचा. आपल्या भाषेत ‘जाणे’ हे क्रियापद ‘गान’ आहे असे धरू. साध्या विधानात अनेकवचनी क्रियापदाला या गटात तिन्ही पुरुषांसाठी एकच प्रत्यय लागतो, म्हणून ‘आम्ही जातो’ हे ‘वी गाथ’ असे होईल; इथला ‘थ’ आपल्या ‘थवा’मधल्यासारखा नसून जीभ दातांना टेकवून हवा सोडल्यावर येणारा घासता आवाज आहे. इच्छा किंवा निमंत्रण दाखवणाऱ्या रूपाचा प्रत्यय मात्र ‘न’ आहे, म्हणून ‘आपण दोघे जाऊ या’ हे ‘गान वित’ होईल. हे दोन शब्द भराभर उच्चारून पाहावेत. ‘न’ म्हणताना जीभ वर असते, पण पुढच्या ‘व’साठी ओठ आधीच गोल होऊ लागतात, आणि त्या ओढाताणीत ‘न’चा ‘म’ होतो. मग ‘म’ आणि ‘व’ एकमेकांत विरतात, आणि ऐकणाऱ्या पुढच्या पिढीला ‘गा मित’ असे ऐकू येते. तिच्या दृष्टीने ‘मित’ हाच शब्द आहे.

हा प्रकार ओढूनताणून आणलेला नाही. दक्षिण जर्मन बोलींत ‘वीर’ऐवजी ‘मिर’ म्हणतात तो याच मार्गाने आला, ‘गेमा’ म्हणजे ‘चला जाऊ या’ हे तिथले रोजचे बोलणे आहे, आणि युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतही ‘आम्ही’ला ‘मिर’च म्हणतात. जुन्या नॉर्वेजियन लिखाणात तर क्रियापदाच्या शेवटचा ‘म’ पुढच्या सर्वनामाला चिकटून ‘वित’ऐवजी नेमके ‘मित’ हेच रूप आढळते. आपण कल्पनेने रचलेले रूप शेजारच्या खऱ्या भाषेत सापडले की रचनाकाराने खट्टू होऊ नये. त्याचा अर्थ नियम बरोबर लावला गेला एवढाच आहे. जुन्या इंग्रजीने याच ठिकाणी वेगळे केले होते: ‘वे’ क्रियापदानंतर आला की क्रियापदाचा प्रत्ययच गाळला, त्यामुळे चिकटायला काही उरलेच नाही. या एका वळणावर आपली भाषा इंग्रजीपासून वेगळी होते, आणि अशी वळणे वहीत तारखेसह नोंदवून ठेवावीत.

इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. दक्षिण जर्मनमध्ये ‘म’ सर्वत्र पसरला, कारण तिथे साध्या विधानाचा प्रत्ययही ‘न’च होता. आपल्या भाषेत विधानाचा प्रत्यय ‘थ’ आहे आणि केवळ निमंत्रणाचा ‘न’ आहे, म्हणून ‘म’ फक्त निमंत्रणातच जन्मतो. म्हणजेच ऐकणाऱ्याला धरून असलेल्या वापराला स्वतःचा आवाज मिळतो आणि बाकीच्या वापराला तो मिळत नाही. साध्या विधानातला जुना ‘वित’ हळूहळू मागे पडेल आणि त्याचे काम ‘वी’ करू लागेल; निमंत्रणातला ‘मित’ मात्र टिकेल, आणि ‘दोघे’ ही त्याची अट सैल होईल, कारण नाव ढकलताना माणूस दोघांना हाक मारतो तशीच पाचांनाही मारतो. द्विवचनाचे वेगळे क्रियापद सांभाळण्याची अडचणही इथे नाही: गॉथिकमध्ये तशी वेगळी क्रियारूपे होती, पण पश्चिम शाखेत ‘वित’ला अनेकवचनी क्रियापदच लागत असे. त्यानंतर ‘मित’ निमंत्रणातून बाहेर पडतो तो टप्प्याटप्प्याने. आधी प्रश्नात, कारण प्रश्नातही क्रियापद पहिले येते: ‘गाथ मित?’ म्हणजे ‘आपण निघतोय का?’. मग उत्तरात, आणि शेवटी साध्या विधानात: ‘मित गाथ’, आपण जातो. हे टप्पे तीन पिढ्यांत बसवावेत की सहा, हे प्रत्येकाने आपल्या कालरेषेनुसार ठरवावे.

कर्मरूपाकडे वळू. ‘मित’ असे झाले की ‘उंक’ बदलून ‘मुंक’ करावा असा मोह होतो, तो आवरावा. दक्षिण जर्मनमध्ये कर्ता ‘मिर’ झाला तरी कर्म ‘उन्स’च राहिले आहे. पण मग ‘उंक’ टिकेल कशाच्या बळावर, हा प्रश्न रास्त आहे, कारण साध्या विधानात तोही ‘ऊस’पुढे हरला असता. त्याचेही उत्तर निमंत्रणातच आहे. ‘जाऊ दे’ या अर्थाच्या क्रियापदाने निमंत्रण देण्याची दुसरी रीत या भाषांत आहे, आणि त्या रीतीत सर्वनाम कर्मरूपात येते. इंग्रजीचे ‘लेट्स’ त्याचेच उदाहरण असून डचमध्येही ‘लात ओन्स’ असे म्हणता येते. तेव्हा ‘लेत उंक सीन’, म्हणजे ‘बघू या आपण’, हा वाक्प्रचार ‘उंक’ला जिवंत ठेवतो, आणि ‘मित’ व ‘उंक’ ही जोडी त्यामुळे नव्या अर्थाने पुन्हा एकत्र येते. ‘ही सीथ ऊस’ म्हणजे तो आम्हाला पाहतो, ‘ही सीथ उंक’ म्हणजे तो आपल्याला पाहतो. कर्मरूप कर्त्याच्या जागी जाऊन बसणे हाही एक शक्य मार्ग होता: दक्षिण आफ्रिकेतल्या, डचमधून निघालेल्या आफ्रिकान्समध्ये ‘ओन्स’ हा कर्ता आणि कर्म दोन्हीही आहे, इंग्रजीतला ‘यू’ मुळात कर्मरूप होता, आणि आपला ‘मी’सुद्धा संस्कृतातल्या तृतीयेच्या ‘मया’पासून आला आहे. मी तो मार्ग इथे घेतला नाही, कारण ‘मित’चा ‘म’ मिळवायला एवढे कष्ट केल्यावर तो टाकून देणे मला पटत नाही.

स्वामित्वदर्शक रूपांवर फार वेळ घालवू नये. ‘ऊसे’ आणि ‘उंकेर’ एवढे पुरेत. नवरा बायकोला मुलाबद्दल सांगताना ‘उंकेर’ म्हणेल आणि शेजाऱ्याला सांगताना ‘ऊसे’. स्वतःकडे वळणाऱ्या क्रियेसाठी या गटात वेगळे सर्वनाम नव्हते, म्हणून ‘आपण अंग धुतो’ हे ‘मित वाश्थ उंक’ असेच होईल.

जोर नसलेली रूपे मात्र जरूर बनवावीत, कारण नवख्यांच्या तक्त्यात त्यांचीच उणीव सर्वांत आधी खटकते. डचमध्ये ‘वेइ’ आणि ‘व’, ‘झेइ’ आणि ‘झ’ अशा जोड्या आहेत, आणि रोजच्या बोलण्यात आखूड रूपच अधिक येते. गालेहुसच्या काळातल्या रूनी कोरीव लेखांतही ‘मी’ हा शब्द क्रियापदाच्या शेपटीला चिकटलेला सापडतो. त्याप्रमाणे ‘मित’मधला स्वर जोर नसताना पुसट होऊन ‘मत’सारखा ऐकू येईल आणि ‘गा मित’चे ‘गामत’ होईल. मराठी कानाला त्यात ‘गंमत’ ऐकू येते. तो योगायोग आहे आणि शब्दकोशात त्याची नोंद करण्याचे कारण नाही.

खरा धोका दुसऱ्या साम्याचा आहे. जर्मनमध्ये ‘सह’ या अर्थाचे अव्यय ‘मित’ आहे आणि जुन्या इंग्रजीत ते ‘मिद’ होते. आपले सर्वनाम याच्यावर आदळले तर ‘मित’ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य क्षणभर अडखळेल. सुदैवाने जुन्या फ्रिशियनमध्ये हे अव्यय घासत्या ‘थ’ने संपते, आणि आपली भाषा तिच्या शेजारची असल्यामुळे ‘मिथ’ हे रूप तिला न्यायाने मिळते. तरीही दोन्ही शब्द जवळचेच राहतात, आणि ते तसे राहू द्यावेत. बेटावरचा शाळामास्तर मुलांना ‘मित म्हणजे मिळून, म्हणून ऐकणारा आत’ अशी खोटी व्युत्पत्ती शिकवील, आणि तिच्यामुळे हा भेद अधिकच पक्का होईल. लोकांनी शोधलेल्या चुकीच्या व्युत्पत्तीही भाषेवर परिणाम करतातच.

मराठी रचनाकाराने दोन गोष्टी घरून आणू नयेत. पहिली म्हणजे ‘आपण बसा’ यातला आदर. मराठीत ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’पासून, म्हणजे ‘स्वतः’ या अर्थापासून आला. त्या मुळातूनच त्याला ‘स्वतः’, ‘ऐकणाऱ्याला धरून आम्ही’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’ अशी तिन्ही कामे मिळाली. ‘मित’चे मूळ ‘आम्ही दोघे’ असल्यामुळे त्याला आदराकडे जाणारी वाट नाही. बेटांवर आदर हवा असेल तर तो द्वितीय पुरुषाच्या अनेकवचनातून किंवा जर्मनप्रमाणे तृतीय पुरुषाच्या अनेकवचनातून घ्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे काटेकोरपणा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची अदलाबदल केली तर ऐकणारा चमकतो. भाषाशास्त्रज्ञ हा भेद द्राविड भाषांच्या दीर्घ शेजाराशी जोडतात, तेव्हा त्याला खोल पाया आहे. आपल्या बेटावरचा भेद तुलनेने तरुण आहे. म्हणून ‘वी’ हा शब्द कुठे कुठे दोन्ही अर्थांनी चालत राहील, विशेषतः जुन्या गाण्यांत आणि कायद्याच्या भाषेत, असे धरावे.

तयार सर्वनामाची परीक्षा सुट्या वाक्यांनी होत नाही. त्यासाठी प्रसंग लागतात. जर्मानिक भाषांची तुलना करताना पूर्वापार वापरली जाणारी ख्रिस्ती प्रभूची प्रार्थना इथे उत्तम उपयोगी पडते. गॉथिकमध्ये ती ‘अत्ता उन्सर’ अशी सुरू होते आणि त्या भाषेला कसलाच निर्णय घ्यावा लागत नाही. मराठीत मात्र भाषांतरकाराला ‘आमच्या’ आणि ‘आपल्या’ यांतून एक निवडावेच लागते. प्रार्थना ज्याला उद्देशून आहे तो स्वतः त्या ‘आम्हां’मध्ये मोडत नाही, म्हणून मराठीत ‘आमच्या’च आहे. आपल्या भाषेतही तिथे ‘ऊसे’ येईल. तीच माणसे प्रार्थनेपूर्वी एकमेकांना ‘चला, प्रार्थना करू या’ म्हणतील तेव्हा क्रियापदाला ‘मित’ चिकटेल. एका मिनिटाच्या अंतराने दोन्ही सर्वनामे अचूक पडली तर रचना उभी राहिली असे समजावे. दुसरा प्रसंग किनाऱ्यावरचा घ्यावा: नावाडी पाहुण्याला सांगतो की उद्या पहाटे ‘वी’ मासेमारीला जातो, आणि पाहुण्याला न बोलावल्याचे कळते, मग नावाड्याची बायको आतून ‘मित’ म्हणते आणि पाहुणा बूट शोधू लागतो.

शेवटी शब्दकोशातली नोंद. ‘मित’समोर केवळ ‘आपण’ असे लिहून थांबू नये. मूळ रूप, त्याला लागलेले नियम, कर्मरूप, जोर नसलेले रूप आणि अर्थ कोणत्या वाक्यरचनेतून पालटला हे सर्व लिहावे, कारण सहा महिन्यांनी द्वितीय पुरुषाचे ‘युत’ हाती घ्याल तेव्हा तोच हिशोब पुन्हा लागेल. माझ्या वहीत या नोंदीखाली आणखी एक ओळ आहे: सर्वांत पश्चिमेच्या बेटावर ‘म’चा अपघात घडलाच नाही, तिथे अजून ‘वित’ आहे, त्याचा अर्थ अजून ‘आम्ही दोघे’च आहे, आणि मुख्य बेटावरचे लोक तो ऐकून हसतात.